पालथ्या टोपल्याचा रिवाज

माझ्या भागीदारानं मला फसवलं. कापसाच्या जिनिंगमधला माझा हिस्सा घेताना त्यानं एक शब्द दिला होता. तो त्यानं मोडला आणि त्याची शिक्षा एका बाईनं भोगली. पैशाचं विचाराल तर पैसा मला पूर्ण मिळाला, ठरल्या दिवशी मिळाला. त्या बाबतीत शेठ स्वच्छ आहे, आणि म्हणूनच माझं कुणी ऐकत नाही. मानवतच्या मोंढ्यात, कापसाच्या बाजारात, ज्याचा व्यवहार पुरा झाला त्यानं कुरकुर करायची नसते.

मी मेंढरं वळणाऱ्या घरातला. पिंगळीच्या अलीकडं आमचं गाव. बाप लोकर विकायला बसला की घेणारा म्हणायचा, ओली आहे, कचरा आहे, आणि बाप मान हलवायचा. त्याच्याशेजारी बसून मी एवढंच शिकलो की मान हलवायची नाही. पुढं खेडा खरेदीत पडलो. दारोदार फिरून थोडाथोडा कापूस घ्यायचा, टेम्पो भरला की मोठ्या व्यापाऱ्याला घालायचा. मूठभर कापूस दाबला की ओल किती, कवडी म्हणजे किडका कापूस किती, ते मला कळायचं. भावासाठी मी लोकांच्या ओट्यावर जेवणाची वेळ टळेपर्यंत भांडत बसायचो. शेठच्या घरात पिढ्यांचा पैसा होता, माझ्यापाशी खेड्यांतला कापूस होता. दोघांनी मिळून जिनिंग काढली, कापूस साफ करून गाठी बांधायचा कारखाना. तो ऑफिसात बसला, मी यार्डात उभा राहिलो. माझं तोंड वाईट आहे हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. शेठ कधी आवाज चढवत नाही. लोक त्यालाच सज्जन म्हणतात.

त्या काळी गंजीवरचा कापूस रेच्यापर्यंत बाया टोपल्यांनी नेत. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. त्याच्या तोंडात कापूस सारखा पडत राहावा लागतो, नाहीतर तो रिकामा घरघरतो आणि मालकाचा जीव वरखाली होतो. बायांच्या टोळीवर एक मुकादमीण होती. उंच, हाडापेरानं रुंद, दातांना कायम मिसरी, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारी. जिनिंगमध्ये मला सगळे मामा म्हणत. तीही म्हणायची, पण तिच्या ‘मामा’त मान कमी आणि चिमटा जास्त असायचा.

एकदा दुपारी एका ट्रक ड्रायव्हरनं ओझं घेऊन वाकलेल्या एका बाईला मागून काहीतरी म्हटलं. मुकादमिणीनं भर यार्डात आपलं टोपलं पालथं घातलं आणि शेजारी मांडी घालून बसली. तिचं बघून दुसरीनं घातलं, तिसरीनं घातलं. रेचे रिकामे घरघरायला लागले तसा मी धावत गेलो.

“काय झालं गं?”

“बसायलोत, मामा.”

“कामून?”

“त्या ट्रकवाल्याला इचारा काय बोलला त्ये. आमाला पुन्हा बोलून दाखवता येत न्हाई, आमची जबान खराब हुईल.”

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी ड्रायव्हरला बोलावलं. तो दात काढत आला. म्हणाला, “मस्करी केली हो मामा.”

“मग माझ्यासमोर कर की तीच मस्करी. मलाबी हसू दे.”

त्याला काही ते जमेना. आभाळ भरून आलेलं, गंजी उघडी पडलेली. मी मुकादमिणीपाशी उकिडवा बसलो आणि सौद्याला सुरुवात केली.

“बोल, उठायचं काय घेतीस? चहा सांगतो सगळ्याला. भजी सांगतो.”

“भजी तुमीच खा. ज्यानं बोललं त्यानं ह्ये टोपलं सुलटं करून माझ्या हातात द्यावं. सगळ्यासमोर.”

“त्याला माफी मागायला लावतो.”

“माफी नको. माफी तोंडानं मागतेत. तोंडावरच आमचा भरोसा न्हाई.”

ड्रायव्हर म्हणाला, मी काय तुमचा नोकर आहे का. मी म्हणालो, नाहीस, पण गाठी माझ्या आहेत. ट्रक रिकामा न्यायचा असेल तर ने. थोडा वेळ त्यानं इकडंतिकडं बघितलं. मग वाकला, टोपलं सुलटं केलं, तिच्या हातात दिलं. ती ते घेऊन सरळ गंजीकडं गेली. तेवढ्यात सगळं मिटलं, आणि त्या ड्रायव्हरला पुन्हा त्यावरून कुणी टोचलंही नाही. तो पुढंही आमच्याकडं येत राहिला. गेटमधून आत शिरताना गाण्याचा आवाज मात्र कमी करायचा.

मला सौदा स्वस्त वाटला, म्हणून मी तो कायमचा केला. यार्डात सांगून टाकलं: कुणी कुणाला घाण बोललं, ढकललं, अंगाशी आलं, तर टोपलं पालथं घालायचं. ज्याचं चुकलं त्यानं येऊन ते उचलायचं, मग तो फिटर असो, हमाल असो, काटेवाला असो. हमालांनी विचारलं, आमाला कुठं टोपलं? मी म्हणालो, तुमचा हूक जमिनीवर ठेवा.

पहिल्याच हंगामात ते माझ्यावर आलं. येणारच होतं. गाठी दाबायच्या प्रेसवरच्या फिटरला मी त्याच्या आईवरून बोललो. मुकादमीण माझ्या पाठीमागंच होती. तिचा त्या फिटरशी काही संबंध नाही, उलट त्या दोघांचं रोज भांडण. तरी टोपलं पालथं पडलेलं मी ऐकलं.

“तुला काय बोललो का मी?” मी म्हणालो.

“मला न्हाई. पण आई तर मीबी हाय की कोणाची.”

सगळा यार्ड बघत होता. माझ्याच जिनिंगमध्ये, मी पगार देतो त्या माणसांसमोर मी वाकलो. टोपलं हातात देताना ती हळूच म्हणाली, “मामा, गुडघे दुखत असतील तर तोंड आवरायला शिका. स्वस्त पडंल.”

ते काही एका दिवसात झालं नाही. पण हंगामामागून हंगाम गेले तशी टोपली कमी पालथी पडायला लागली. माणसं काही साधू झाली नव्हती. फिटर तोच होता, मी तोच होतो. फक्त शब्द जिभेवर आला की आपल्याला वाकावं लागेल हे आधी आठवायचं, आणि शब्द गिळला जायचा. नव्या माणसाला कुणी नियम वाचून दाखवत नव्हतं. तो चार दिवस बघायचा आणि त्याला कळायचं की इथं असं बोलत नाहीत. आणखी एक झालं, ते मला उशिरा उमगलं. बोलायची भीती गेली तशी माणसं बाकीचंही सांगायला लागली. गंजीआड कोण विडी ओढतो, कुठला पट्टा उसवला, कुणाला ताप आहे तरी उभा आहे. कापसाच्या कारखान्यात एक ठिणगी सगळं घेऊन जाते. आमच्याकडं ती पडली नाही. शेजारच्या जिनिंगा आमच्यासारख्याच होत्या, पण तिथं मालकाच्या भीतीनं माणूस गप्प बसायचा, आणि विडीवालाही त्याच गप्पपणात सुखानं ओढत बसायचा.

शेठ यार्डात क्वचित यायचा. तो हसायचा. “मामा, तुमी लोकांना डोक्यावर बसवलंत.” पण बाया टिकत होत्या, हंगामाला पुन्हा येत होत्या, त्यामुळं त्याची ना नव्हती.

मग माझी छाती गेली. इतकी वर्षं कापसाचं तूस नाकातोंडात गेलं, ते कुठंतरी साठणारच. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, धूळ सोडा नाहीतर धूळ तुम्हाला सोडणार नाही. मी हिस्सा विकायला काढला. माझ्यासारख्या माणसाशी सौदा करणं सोपं नाही. मी काट्यावर भांडलो, प्रेसवर भांडलो, पडक्या गाळ्यांवर भांडलो, गेटजवळच्या हातपंपावरसुद्धा भांडलो. सगळं कागदावर आलं. शेवटी वकिलासमोर मी म्हणालो, “शेठ, एक राहिलं. तो टोपल्याचा रिवाज चालू ठेवायचा.”

वकील हसला. म्हणाला, हे कलम मी कुठं बसवू? शेठनं माझा हात दोन्ही हातांत धरला. “मामा, हे काय कागदावर घ्यायचं असतं का? माझी जबान हाय.”

मी मान हलवली.

आयुष्यभर ज्यानं ओल्या कापसाचा भाव जबानीवर दिला नाही त्यानं एवढी एक गोष्ट जबानीवर सोडली. आमच्या धंद्यात हीच रीत आहे. जे मोजता येतं ते लिहायचं, जे मोजता येत नाही त्यावर हात मिळवायचा. ही रीत कुणाच्या फायद्याची आहे, हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

पुढच्या हंगामाला शेठनं नवी यंत्रं बसवली. हवेच्या जोरानं कापूस ओढणारे पाईप आले, पट्टा आला. टोपली गेली. बाया आता पट्ट्याच्या कडेला उभ्या राहून चालत्या कापसातला कचरा वेचतात. भिंतीवर मोठा फलक लागला, ‘परस्पर आदर हीच आमची संस्कृती’. खाली तक्रार पेटी. औरंगाबादहून कुणी टाय घातलेला माणूस येऊन बायांना दिवसभर खुर्च्यांवर बसवून बोलून गेला म्हणे. मुकादमीण मला बाजारात भेटली तेव्हा सांगत होती, “मामा, नाश्त्याला समोसा व्हता. त्ये काय बोललं कळलं न्हाई, पर समोसा चांगला व्हता.” मी हसलो. मी तेव्हा मोंढ्याजवळ बारदान-सुतळीचं दुकान टाकलं होतं आणि दुपारी खोकत बसायचो.

यार्डावर एक सुपरवायझर आणला. बाहेरगावचा, शिकलेला. सुरुवातीला तो बायांना ताई म्हणायचा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तो वाईट म्हणून जन्मला नव्हता. माझ्या वेळेला आला असता तर पहिल्या महिन्यात एकदा वाकला असता आणि पुढं सरळ राहिला असता. इथं त्यानंही चार दिवस बघितलं आणि त्याला कळलं की इथं कुणी अडवत नाही. पट्टा आणि भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी वाट आहे. पाणी प्यायला, मोरीला तिथूनच जावं लागतं. तो त्या वाटेत पाय पसरून उभा राहायला लागला. बायांनी अंग चोरून, त्याला घासून जायचं.

पहिल्यांदा बायांनी ते मस्करीवर नेलं. मुकादमीण म्हणाली, “साहेब, खांब हाव का तुमी? खांबाला शेंदूर लावतेत, लावू का?” तो म्हणाला, “लाव की, तुझ्याच हातानं लाव.” आणि हसला. त्याच्याबरोबर दोघं-तिघं हसले. टोळीत एक नवी नवरी होती, मुकादमिणीच्या शेजारची. तिनं दिवसभर पाणी प्यायचं सोडलं. मुकादमिणीनं कुणाकडून तरी चिठ्ठी लिहून पेटीत टाकली. पेटीची किल्ली सुपरवायझरकडं होती. जेवणाच्या सुट्टीत त्यानं ती चिठ्ठी सगळ्यांसमोर बाईचा आवाज काढून वाचून दाखवली.

त्यानंतर एका सकाळी ती नवरी वाटेच्या तोंडाशी थांबली, आत जाईना, मागं येईना. मुकादमिणीनं भिंतीवरचं लाल बटण दाबलं. पट्टा बंद पडला.

“वाट मोकळी करा,” ती म्हणाली, “मग चालू करा.”

सुपरवायझरनं फोन लावला. शेठ स्वतः आला. शेठनं आवाज चढवला नाही. “अक्का, तुमी दमलाव. दोन दिवस घरी आराम करा, मी बोलावतो.” ती घरी गेली. ते बोलावणं आलं नाही. जिनिंगवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. भाव, ट्रक, मजूर सगळं त्यावर चालतं. त्यावर तिचा फोटो पडला. खाली लिहिलं होतं, ही बाई चालू मशीन बंद पाडते, आग लागता लागता वाचली, सावध राहा. आगीचं नावसुद्धा कुठं नव्हतं. पण कापसाच्या धंद्यात आग म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. मानवत, पाथरी, सेलू, जिथं जाईल तिथं गेटवरचा माणूस मोबाइल बघायचा आणि म्हणायचा, टोळी भरली.

ती माझ्या दुकानात आली तेव्हा मस्करीच्या सुरात नव्हती. पोत्यावर बसली.

“मामा, तुमी शब्द घेतला व्हता ना त्याच्याकून?”

“घेतला होता.”

“मग कुठं हाय त्यो?”

मला राग आला. तिचा आला. म्हणालो, “मला विचारून दाबलंस का बटण?”

“तुमाला इचारून टोपलं तरी कवा पालथं घातलं व्हतं?”

मी समोरची सुतळी उगाच गुंडाळायला लागलो. ती म्हणाली, “काम गेलं त्याचं काय एवढं न्हाई. काम काय, खुरपायला जाईन. पर लोक म्हणायलेत मी आग लावणारी हाय. माझ्या सुनेला तिच्या माहेरच्यांनी इचारलं, तुझ्या सासूनं जिनिंग पेटवली का म्हणून. त्येवढं काढायला लावा, मामा. दुसरं काही नको.”

मी त्याच दिवशी जिनिंगवर गेलो. माझ्याच हातानं बसवलेल्या गेटवर मला रखवालदारानं विचारलं, कुणाला भेटायचं. शेठनं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, बिनसाखरेचा चहा सांगितला. माझी साखर त्याच्या लक्षात आहे. काचेतून सगळा यार्ड दिसत होता.

“शेठ, रिवाज चालू ठेवायचा शब्द दिला होता तुम्ही.”

“मी मोडला का? टोपलीच न्हाईत, मामा. टोपलं असतं तर पालथं घातलं असतं बिचारीनं. आपण तर त्यापेक्षा चांगलं केलं. पेटी हाय, फलक हाय, टरेनिंग दिलं.”

“पेटीची किल्ली कुणाकडं आहे?”

“सुपरवायझरकडं. त्याच्याकडंच असणार की, तोच तर यार्ड बघतो.”

हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला की मला आधी वाटलं, त्याला खरंच कळलं नाही. नंतर वाटलं, त्याला सगळं कळलंय. अजूनही माझं नक्की होत नाही.

“बरं, ते राहू द्या. ग्रुपवरचं तेवढं काढा. आग लागली नव्हती, असं लिहा.”

“लिहिलं तर उद्या कुणीबी उठून बटण दाबंल. मला कारखाना चालवायचाय, मामा. तुमाला दम लागायलाय, चहा घ्या.”

मी उठलो आणि यार्डात गेलो. सुपरवायझर त्याच वाटेत उभा होता. मग माझं तोंड सुटलं. मी त्याला आईवरून बोललो, बहिणीवरून बोललो, बायांच्या समोर, ज्या शिव्या मी कितीतरी वर्षं गिळल्या होत्या त्या सगळ्या. खोकला आला तरी थांबलो नाही. पट्ट्याच्या कडेला माझ्या वेळच्या कितीतरी बाया होत्या. एकीनंही हात थांबवला नाही. एकीनंही मान वर केली नाही. खाली बघून त्या कचरा वेचत राहिल्या, जसं काही हे रोजचंच आहे आणि आज फक्त बोलणारा बदललाय.

त्यांनी मला अडवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिथं उभं राहून मला कळलं की काय गेलं ते. शेठ दारात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बघा, आणि हे आदर शिकवायला आलेत.” सुपरवायझर हसला. मी बाहेर आलो.

मग मी एकेका जिनिंगवाल्याकडं गेलो. ज्यांच्याशी मी भावासाठी घसा फोडला त्यांच्यासमोर हात जोडले. सगळे बरं बोलले. सगळ्यांनी एकच सांगितलं: शेठनं टाकलंय, शेठनंच काढावं. नवरी आता कामाला जात नाही. मुकादमीण चुडाव्याला भावाकडं गेली, तिथं हळदीच्या शेतात जाते असं ऐकलं. जाताना माझ्या दुकानावरून गेली. थांबली नाही. मी हाक मारली नाही.

लोक मला सांगतात, मामा, सोडा आता, तुमचा व्यवहार कधीच पुरा झाला. झाला नाही. मी काटा विकला, प्रेस विकला, ती बाई विकली नव्हती. इतकी माणसं इतकी वर्षं एकमेकांशी नीट वागली ते मी शब्दावर तुझ्या हवाली केलं, शेठ, आणि तू त्याचा फलक करून भिंतीला टांगलास. तुझ्या यार्डात आग लागली नव्हती, हे तुला माहीत आहे. ज्या ग्रुपवर तिचा फोटो टाकलास त्याच ग्रुपवर, त्याच माणसांसमोर, खोटं कुणी लिहिलं ते लिही. तुझ्या त्या पट्ट्यापाशी उभा राहून बायांना सांग, ती वाट कुणी अडवली होती आणि घरी कुणाला बसवलं. माझ्याशी गोड बोलू नकोस. मला चहा नको. तिच्या सुनेच्या माहेरी जाऊन कोण सांगणार आहे, तू की तुझा सुपरवायझर? याचं उत्तर दे.